नादारी अर्ज : तुटपुंज्या उत्पन्नातील पूर्वतयारी

फेडता येणार नाही इतके कर्ज झालेल्या व्यक्तीने आपली सगळी देणी आणि सगळी मालमत्ता न्यायालयापुढे मांडून संरक्षण मागणे, म्हणजे नादारीचा अर्ज. बोलीभाषेत ‘दिवाळे काढणे’ म्हणतात, तेव्हा डोळ्यांपुढे बुडालेला व्यापारी येतो. कायदा मात्र शिंपी, शिपाई, भाजीवाली, रिक्षाचालक अशा कोणालाही हा अर्ज करू देतो. अडचण असते ती तयारीची. कागद जमवायला वेळ लागतो, वकील परवडत नाही, आणि वसुलीच्या तगाद्यात माणूस नेमके तेच करून बसतो जे पुढे अर्जाच्या आड येते.

भारतात या विषयाचे दोन जुने कायदे आहेत. मुंबई, कोलकाता आणि चेन्नई शहरांसाठी 1909 चा, तर उरलेल्या बहुतेक देशासाठी 1920 चा प्रांतिक नादारी कायदा. मुंबईत काम उच्च न्यायालयात चालते आणि मालमत्ता शासकीय अभिहस्तांकिती या अधिकाऱ्याच्या ताब्यात जाते. जिल्ह्यांत अर्ज जिल्हा न्यायालयाकडे किंवा अधिकार दिलेल्या दिवाणी न्यायालयाकडे होतो. 1920 च्या कायद्याच्या कलम 10 नुसार कर्जदार देणी फेडण्यास असमर्थ असावा लागतो. शिवाय देणी किमान 500 रुपयांची असावीत, किंवा हुकूमनाम्यापोटी (पैसे देण्याच्या दिवाणी न्यायालयाच्या निकालापोटी) त्याला अटक झालेली असावी, किंवा मालमत्तेवर जप्तीचा आदेश असावा. 500 हा आकडा मूळ कायद्यातला आहे, त्यामुळे आज ही अट कोणाचीही पूर्ण होते.

2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने अगदी गरीब कर्जदारासाठी ‘नवी सुरुवात’ नावाची वेगळी प्रक्रिया लिहून ठेवली. वार्षिक उत्पन्न 60,000 रुपयांपर्यंत, मालमत्ता 20,000 पर्यंत, माफीस पात्र देणी 35,000 पर्यंत आणि स्वतःचे घर नसलेला माणूस कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाईल, 180 दिवस वसुली थांबेल आणि शेवटी ती देणी रद्द होतील, अशी ही योजना. ती आजही कागदावरच आहे. व्यक्तींविषयीचा हा भाग 1 डिसेंबर 2019 पासून लागू झाला तो फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांपुरता. म्हणजे मोठ्या उद्योगपतीच्या जामीनकीसाठी नवी व्यवस्था तयार आहे आणि धुणीभांडी करणाऱ्या बाईसाठी 1920 चाच कायदा. शिवाय महिना 5,000 रुपये ही उत्पन्नमर्यादा इतकी खाली आहे की उद्या ती लागू झाली तरी नियमित मजुरी मिळणारे बहुतेक जण बाहेरच राहतील. ही मर्यादा बदलल्याशिवाय नुसती अधिसूचना काढून भागणार नाही.

कर्जबाजारी माणसाला तुरुंगात घालण्याविरुद्धची तरतूद महाराष्ट्राला जुनी आहे. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातील सुप्यापासून सुरू झालेल्या दख्खनच्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांचे दस्त हिसकावून जाळले. त्यानंतर आलेल्या 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करणे बंद केले. आज दिवाणी प्रक्रिया संहिता सांगते की हुकूमनाम्याची रक्कम 2,000 रुपयांपर्यंत असेल तर दिवाणी कैद नाहीच; आणि अटक झालेल्या कर्जदाराला नादारीचा अर्ज करता येतो, हे न्यायालयाने त्याला सांगायचे असते. निव्वळ पैसे नाहीत म्हणून कैद करता येत नाही, त्यासाठी बुद्ध्या टाळाटाळ दिसली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1980 मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस खटल्यात स्पष्ट केले.

देण्यांची यादी

तयारीचा गाभा म्हणजे ही यादी. 1920 च्या कायद्याच्या कलम 13 प्रमाणे अर्जात प्रत्येक देणे, त्याची रक्कम, आणि माहीत असेल तेवढे धनकोचे, म्हणजे कर्ज देणाऱ्याचे, नाव व पत्ता लिहावा लागतो. बँकेचे कर्ज लिहिणे सोपे. पासबुक आणि नोटिसा असतात. कठीण असते ते बाकीचे. बचत गटातून उचललेले, मायक्रोफायनान्सवालीच्या साप्ताहिक बैठकीतले, मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेले, किराणा दुकानातली उधारी, शेजारणीकडून दवाखान्यासाठी घेतलेले दहा हजार, आणि ज्याचे नाव घ्यायला भीती वाटते तो विनापरवाना सावकार. शेवटची दोन नावे लोक वगळतात, एक लाजेने आणि दुसरे धाकाने. दोन्ही लिहिली पाहिजेत. यादीत जाणूनबुजून लपवाछपवी केली तर कलम 69 खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

एक साधी वही पुरते. एका पानावर एक धनको : कधी घेतले, हातात प्रत्यक्ष किती आले, आजवर किती दिले, कोरे धनादेश किंवा सही केलेला बाँड दिला आहे का, जामीन कोण. ‘हातात प्रत्यक्ष किती आले’ हा रकाना चुकवू नये, कारण सावकारी कर्जात पहिले व्याज आधीच कापून घेतलेले असते आणि दस्तावर मात्र पूर्ण रक्कम असते. पतसंस्थेचे कर्ज असेल तर सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला निघाला आहे का, हेही पाहावे. लोक त्याला नुसते ‘एकशेएकचा दाखला’ म्हणतात. तो निघाला की दिवाणी दाव्याशिवाय थेट जप्तीपर्यंत जाता येते.

काय हातचे जात नाही

अर्ज केला की अंगावरच्या कपड्यांसकट सगळे जाईल, या भीतीने पुष्कळ जण न्यायालयाची पायरी चढत नाहीत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये जप्त न होणाऱ्या वस्तू दिल्या आहेत आणि नादारीतही त्या वगळल्या जातात : गरजेचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, गुरे आणि बियाणे. धार्मिक रूढीप्रमाणे बाईला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिनेही यात येतात, मंगळसूत्र त्यातले. शिंप्याचे शिवणयंत्र हे त्याचे हत्यार आहे, ते नेता येत नाही.

मजूर आणि घरकामगारांची मजुरी पूर्ण सुरक्षित असते. इतर पगारदारांच्या बाबतीत पोटगी सोडून अन्य हुकूमनाम्यांत पहिले 1,000 रुपये आणि उरलेल्याचे दोन-तृतीयांश सुटतात. खासगी शाळेतल्या शिपायाला 16,000 पगार असेल तर 11,000 त्याच्या हाती राहतात आणि जास्तीत जास्त 5,000 वर जप्ती येते. तीही एका हुकूमनाम्यापोटी एकूण 24 महिनेच. मग त्या हुकूमनाम्यासाठी पगार कायमचा मोकळा. ज्याचे उत्पन्न मजुरीचे आहे आणि घरात विकण्याजोगे काही नाही, त्याला कित्येकदा नादारीच्या अर्जाची गरजच नसते, कारण त्याच्याकडून वसूल होण्यासारखे कायद्याने काही उरत नाही. वकिलाकडे जाण्याआधी हा हिशेब मांडावा.

अर्जाआधी टाळायच्या गोष्टी

भावाच्या नावावर दुचाकी करून देणे, बायकोच्या नावावर गुंठा बक्षीसपत्राने लिहून देणे, हे सर्रास घडते. अर्जाच्या आधीच्या दोन वर्षांत मोबदला न घेता केलेले हस्तांतर 1920 च्या कायद्याच्या कलम 53 खाली रद्द ठरवता येते आणि कर्जदाराच्या सचोटीबद्दल संशय कायमचा उभा राहतो. शेवटच्या तीन महिन्यांत एका धनकोला झुकते माप देऊन फेडणे कलम 54 मध्ये अडकते. मामाचे पैसे आधी फेडून बाकीच्यांना न्यायालयात बोलावणे चालत नाही. जुने फेडायला नवे कर्ज काढणे तर सर्वांत घातक.

नादारीने सगळेच सुटत नाही. सरकारी देणी, फसवणुकीने केलेली देणी आणि पोटगी मुक्ततेनंतरही, म्हणजे न्यायालयाने देण्यांतून सोडवल्यावरही, उरतात. तारण ठेवलेल्या सोन्यावरचा किंवा गाडीवरचा धनकोचा हक्क अबाधित असतो. धनादेश न वटल्याचा फौजदारी खटला आपोआप थांबत नाही. आणि जामीनदार सुटत नाही, म्हणून अर्जापूर्वी त्याला घरी जाऊन सांगणे हे माणुसकीचे तर आहेच, पण त्यालाही तयारीला वेळ मिळतो.

न्यायालयाबाहेरचे काही आधार जास्त लवकर उपयोगी पडतात. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या निर्देशांनुसार मायक्रोफायनान्सच्या वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करता येत नाही, आणि कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त रक्कम हप्त्यांत जाईल असे कर्ज देता येत नाही. सावकाराने कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली 15 वर्षांच्या आतल्या अशा व्यवहाराची तक्रार जिल्हा उपनिबंधकाकडे करून ती परत मिळवता येते. तालुका विधी सेवा समितीकडून स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो; इतरांना उत्पन्नाच्या मर्यादेत. बँकेचे थकीत कर्ज लोकअदालतीत तडजोडीने मिटले तर अर्जाची वेळच येत नाही.

नादार ठरवण्याचा आदेश राजपत्रात प्रसिद्ध होतो. त्यानंतर मुक्तता मिळेपर्यंत, आपण नादार आहोत हे न सांगता 50 रुपये किंवा अधिक उधार घेणे गुन्हा आहे. आदेशातच न्यायालय मुक्ततेचा अर्ज करण्याची मुदत ठरवून देते. भाड्याचे घर बदलले, वकील बदलला, कागद गहाळ झाले, तरी ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर राहिली पाहिजे. त्या मुदतीत अर्ज झाला नाही, तर 1920 च्या कायद्याच्या कलम 43 प्रमाणे नादारीचा आदेश रद्द होतो आणि धनको पुन्हा वसुलीला मोकळे होतात.