एका गटात आली म्हणून जनुकं सोयरी होत नाहीत

बेळगावात बायोटेक शिकणाऱ्या पोरांच्या तोंडी एक समज कायम असतो: जनुकांची सक्रियता ठरावीक वेळांनी मोजून गट पाडले, की एका गटातली जनुकं एकमेकांना चालवतात. तसं काही नाही. सकाळी खडे बाजारात शटर वर जातात, त्याच सुमारास टिळकवाडीच्या रेल्वे गेटापाशी स्कूटरी तुंबतात. आलेख काढलात तर दोन्ही रेघा जुळ्या दिसतील. म्हणून शटरनं गेट पाडलं काय?

यीस्टच्या पेशीचक्राबरोबर, म्हणजे पेशी वाढून दुभंगण्याच्या फेऱ्याबरोबर, चढउतरणारी सुमारे ८०० जनुकं १९९८ साली नोंदली गेली. एकत्र चढणं हा फक्त माग. कोण कुणाला चालवतं हे बघायला जनुक बंद करून प्रयोगच करावा लागतो.

खरी गोम पुढं आहे. गट पाडणाऱ्या के-मीन्स अल्गोरिदमकडे सहा गट मागा, सहा देईल. नऊ मागा, नऊ. वर त्याला काळाचा क्रम कळतच नाही. तक्त्यातले शून्य, दहा, वीस मिनिटांचे रकाने हवे तसे फिरवा आणि गटांचे सुरुवातीचे मध्यबिंदू म्हणून तीच जनुकं ठेवून परत चालवा. गट जसेच्या तसे! (मी पहिल्यांदा केलं तेव्हा कोडच चुकला असं वाटलं.) क्रम मोजायचा तर आत्ताची स्थिती आधीच्या स्थितीवर अवलंबून धरणारं, हिडन मार्कोव्हसारखं मॉडेल घ्या की.