शिकाऊ ताईनं रक्त घेतलं तर चालते का?

नमस्कार भाऊ, ताई, काका, मावशी. आपल्या लॅबमध्ये सध्या दोन पोरी अन् एक पोरगा रक्त घ्यायचं काम शिकून राह्यले, तर बरेच जण विचारतात की आमच्यावर हात साफ करता का जी? प्रश्न बरोबर आहे, म्हणून सांगतो.

पहिले ते रबरी हातावर शिकतात. कावीळ बी ची लस झाल्याशिवाय सुई हातात देत नाही. पेशंटजवळ सिनियर उभा असतोच, अन् दोनदा टोचून नस नाही भेटली तर पुढे तोच घेतो. तुम्ही नाही म्हटलं तर नाही, कोणी रागावणार नाही. सिकलसेलच्या (रक्ताचा जन्मजात आजार) लेकरायले आधीच लय वेळा टोचलेलं असते, त्यांचं रक्त सिनियरच घेतो.

खरं शिकणं टोचण्यापेक्षा ट्यूबचं आहे. रक्त भरायच्या ट्यूबचा क्रम टोपणाच्या रंगावरून असते: निळी आधी, मग लाल नाहीतर पिवळी, मग जांभळी, शुगरची करडी शेवटी. काहून? जांभळीत पोटॅशियमवालं ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) असते, ते थोडंसं जरी लाल ट्यूबमध्ये गेलं तर रिपोर्टमध्ये पोटॅशियम वाढलेलं अन् कॅल्शियम कमी दिसते, म्हणजे धडधाकट माणसाच्या घरी उगाच रडारड. जांभळी ट्यूब 8-10 वेळा हळूच उलटी-सुलटी करायची, जोरात हलवली तर पेशी फुटतात. दंडाचा पट्टा 1 मिनिटाच्या वर ठेवायचा नाही. स्पिरिट लावून ती पोरगी थांबली तर तिला घाई करू नका, ते वाळल्यावर टोचलं की चुरचुरत नाही.

नाव ती तुमच्याच तोंडून वदवून घेईल अन् लेबल तुमच्यासमोर लावेल. एकाच गावात एकाच नावा-आडनावाची तीन माणसं निघतात, आमची सगळ्यात जास्त भीती तीच आहे. सुई नवीन, तुमच्यासमोर फोडलेली पाहून घ्या. वापरल्यावर टोपण परत न लावता ती सरळ पांढऱ्या डब्यात जाते.

तुमच्याकडून एवढंच, की पाणी पिऊन या. उपाशीपोटीच्या टेस्टलाही साधं पाणी चालते, अन् मे महिन्यात उन्हातून आल्यावर नस दबलेली असते, मग टोचणाराही परेशान अन् तुम्हीही. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल, स्तनाचं ऑपरेशन झालं असेल तर आधी सांगा, ऑपरेशन झालेल्या बाजूच्या हातातून घेत नाही. नंतर कापूस 2-3 मिनिटं दाबून ठेवा, कोपर दुमडू नका, नाहीतर निळं पडते. आधी कधी चक्कर आली असेल तेही बोला, पलंगावर झोपवूनच घेऊ.