कोर्टात मोफत वकील हवा असेल तर: कोण पात्र, कोणते कागद, अर्ज कुठे अडतो

समन्स हातात पडले की बरेच जण आधी उसनवारी करून वकील गाठतात. मोफत विधी साहाय्याची चौकशी होते ती पैसे संपल्यावर, आणि तोवर दोन-चार तारखा निघून गेलेल्या असतात. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 ने ही मदत हक्क म्हणून दिली आहे. ती मागताना संकोच वाटायचे काहीच कारण नाही.

पात्रता कलम 12 मध्ये दिली आहे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतील व्यक्ती, मानवी तस्करीचे किंवा वेठबिगारीचे बळी, तसेच पूर, दुष्काळ, भूकंप, जातीय अत्याचार अशा आपत्तींत सापडलेले लोक या सर्वांना उत्पन्नाची अट लागत नाही. ही अट फक्त यांपैकी कशातच न बसणाऱ्यांसाठी आहे. महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे, तर सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणासाठी 5 लाख.

सर्वात जास्त अर्ज इथेच अडकतात. पोटगी मागायला आलेल्या बाईला ‘आधी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणा’ असे सांगितले जाते. दाखला मिळेपर्यंत आठवडे जातात आणि ती परत येतच नाही. स्त्री म्हणून अर्ज असेल तर उत्पन्नाचा प्रश्नच येत नाही. उत्पन्नाच्या आधारे अर्ज असला, तरी कलम 13 नुसार शंकेला सबळ कारण नसल्यास अर्जदाराचे प्रतिज्ञापत्र पुरेसे धरता येते. अडवणूक झालीच, तर ही दोन कलमे अर्जातच लिहा.

अर्ज खटला जिथे चालतो त्या पातळीवर करायचा: तालुका कोर्टात तालुका विधी सेवा समिती, जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, उच्च न्यायालयात तिथली विधी सेवा समिती. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथला कर्मचारी किंवा विधी स्वयंसेवक ते लिहून घेतो. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो, आणि 15100 हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक निःशुल्क आहे. तुरुंगातील माणसाचा अर्ज कारागृहाच्या कार्यालयामार्फत जातो.

सोबत ओळखपत्राची प्रत, ज्या गटातून अर्ज आहे त्याचा पुरावा (जातीचा दाखला, दिव्यांग प्रमाणपत्र) आणि प्रकरणाचे कागद जोडा: समन्स, नोटीस, दाव्याची प्रत, एफआयआर किंवा निकाल, जे असेल ते. समन्सवरची पुढची तारीख अर्जात पहिल्याच ओळीत ठळक लिहा. दुसरी प्रत जवळ ठेवून तिच्यावर आवक शिक्का आणि दिनांक घ्या.

निर्णय 7 दिवसांत अपेक्षित असतो. अर्ज नामंजूर झाला, तर त्याच प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येते.

अर्ज दिला म्हणून मुदत मात्र थांबत नाही. दिवाणी दाव्यात समन्स बजावल्यापासून 30 दिवसांत कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, द्यायची असते. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला 30 दिवस मिळतात, उच्च न्यायालयात 90. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस यातून वगळले जातात, म्हणून नकलेचा अर्ज निकालाच्याच दिवशी करावा. वकील नेमला जाण्याआधी तारीख आली, तर स्वतः हजर राहून विधी साहाय्याचा अर्ज केल्याचे न्यायाधीशांना सांगा आणि शिक्क्याची प्रत दाखवा. गैरहजर राहिल्याने एकतर्फी हुकूम झाला की तो रद्द करून घेणे हे वेगळेच काम होऊन बसते.

अर्ज मंजूर झाल्यावर वकिलाची फी, कोर्ट फी, समन्स बजावणीचा खर्च, टंकलेखन, भाषांतर आणि नकला हे सगळे विधी साहाय्य निधीतून होते. या निधीत सरकारी अनुदान येते. नेमलेल्या वकिलाने ‘थोडे वरखर्चाला’ म्हणून मागितले तरी एक रुपयाही देऊ नका. ज्या विधी सेवा कार्यालयाने वकील नेमला, तिथल्या सचिवांकडे लेखी तक्रार करा. वकील तारखेला येत नसेल, तर गैरहजेरीच्या तारखा लिहून त्याच कार्यालयाकडे बदली वकील मागता येतो. मधेच स्वतः खासगी वकील नेमला किंवा माहिती खोटी निघाली, तर मदत काढून घेतली जाऊ शकते.