पोटात गेलेली कॅप्सूल नेमकी कुठे विरघळते?

एका बैठकीत चाळीस कॅप्सूल गिळायच्या, आणि आत काय, तर दुसऱ्या कुणाच्या तरी विष्ठेतले जिवाणू! कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतातल्या चाचणीत ११६ पैकी जवळपास निम्म्या रुग्णांनी हे केलं. अँटिबायोटिक्समुळे आतड्यातली जिवाणूंची वस्ती उजाड झाली, की क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू तिथे ठाण मांडतो आणि जुलाब थांबता थांबत नाहीत. निरोगी दात्याचे जिवाणू सोडून ती वस्ती पुन्हा वसवायची, हा त्यावरचा उपाय. उरलेल्या रुग्णांना हेच द्रव्य कोलोनोस्कोपीच्या नळीतून दिलं. २०१७ साली निकाल आला: दोन्ही गटांत सुमारे ९६ टक्के लोकांचा आजार बारा आठवडे उलटला नव्हता.

नळी थेट मोठ्या आतड्यात जाते. कॅप्सूलला मात्र वाटेत जठर लागतं. उपाशीपोटी तिथला पीएच (आंबटपणाचं माप; आकडा जितका कमी, तितका आंबटपणा जास्त) १ ते ३, म्हणजे लिंबाच्या रसाच्या तोडीचा आंबटपणा. साधं जिलेटिनचं कवच तिथे काही मिनिटांतच विरघळतं आणि आतले बहुतेक जिवाणू मरतात.

म्हणून वेगळं कवच वापरतात. त्याच्या पॉलिमरच्या, म्हणजे लांबलचक रेणूंच्या, साखळ्यांना आम्लगट जोडलेले असतात. आजूबाजूला आम्ल असेतो हे गट आपला हायड्रोजन सोडत नाहीत, साखळ्या एकमेकींना चिकटून राहतात, पाणी आत शिरत नाही. लहान आतड्यात स्वादुपिंडाचा रस आंबटपणा मारतो. मग हायड्रोजन सुटतो, साखळ्यांवर ऋण विद्युतभार येतो, त्या एकमेकींना ढकलतात आणि कवच फुगून विरघळतं. म्हणजे कॅप्सूलला ना वेळ कळते ना जागा. तिला फक्त आंबट-अळणी कळतं! काही कवचं पीएच ५.५च्या वर गेला की सुटतात, काही थेट ७च्या वर. ही दुसरी जात लहान आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात विरघळते. तिथे हुकली तर पंचाईत, कारण मोठ्या आतड्याच्या तोंडाशी जिवाणू चोथा आंबवून आम्लं तयार करतात आणि पीएच पुन्हा खाली येतो. (अशी कॅप्सूल उघडून मधात कालवून घेतली, तर हा सगळा खटाटोप वाया.)

आणखी एक घोळ आतूनच होतो. विष्ठेचं द्रावण पाणीदार, त्यामुळे कवच आतूनही मऊ पडतं. म्हणून कॅप्सूल उणे ८० अंश सेल्सिअसला गोठवतात, आणि गोठताना जिवाणू मरू नयेत म्हणून द्रावणात ग्लिसरॉल मिसळतात. अल्बर्टातल्याच कॅल्गरी शहरातल्या डॉक्टरांनी तर एकात एक अशी जिलेटिनची तीन कवचं चढवली होती.

अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळालेल्या व्हाउस्ट या औषधात चाळीसच्या जागी रोज चार कॅप्सूल, तीन दिवस. यात फक्त जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे टणक कवचातली त्यांची सुप्त रूपं, असतात. बनवताना दात्याच्या विष्ठेतलं द्रव्य अल्कोहोलमधून काढतात, त्यात बाकीचे जंतू मरतात, बीजाणू टिकतात. जठरातलं आम्लही ते सोसतात. पुढे आतड्यात पित्तक्षार भेटले की रुजू लागतात.