रेड्स-कार्डिनल्स बेसबॉल सामना (१० जून १९४४)

अमेरिकेच्या ओहायो राज्यात सिनसिनाटी येथील क्रॉस्ली फील्डवर झालेला नॅशनल लीगचा (मेजर लीग या अमेरिकेतील सर्वोच्च व्यावसायिक बेसबॉल स्पर्धेच्या दोन विभागांपैकी एक) सामना. पाहुण्या सेंट लुईस कार्डिनल्सने सिनसिनाटी रेड्सचा १८-० असा धुव्वा उडवला. तरी हा सामना आठवला जातो तो नवव्या, म्हणजे शेवटच्या डावात रेड्सकडून चेंडू टाकायला उतरलेल्या जो नक्सहॉल या शाळकरी मुलामुळे. त्याचे वय होते १५ वर्षे ३१६ दिवस. विसाव्या शतकापासून आजवर मेजर लीगमध्ये इतक्या कोवळ्या वयात कोणी खेळलेले नाही.

याचे मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. लीग बंद पडू नये, असे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जानेवारी १९४२ मध्ये बेसबॉलचे आयुक्त लँडिस यांना पत्राने कळवले होते. खेळाडूंना सैन्यभरतीतून सूट मात्र नव्हती. पाचशेहून अधिक मेजर लीग खेळाडू गणवेशात गेले आणि संघांना भरतीच्या वयाबाहेरची किंवा लष्कराने नाकारलेली माणसे शोधावी लागली. सेंट लुईस ब्राउन्सकडून १९४५ मध्ये एका हाताचा पीट ग्रे खेळला, तो याच टंचाईमुळे. हॅमिल्टन गावातला नक्सहॉल रेड्सच्या नजरेत आला तोही असाच. हेरणारे गेले होते त्याच्या वडिलांचा खेळ पाहायला. आवडला तो उंचापुरा, डावखुरा मुलगा.

सामन्याच्या चारच दिवस आधी मित्रसैन्य नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले होते. नववा डाव आला तेव्हा धावफलकावर १३-० होते. हरायचे ते हरलोच आहोत, अशा वेळी व्यवस्थापक बिल मॅकेक्नी यांनी मुलाला तयार व्हायला सांगितले. घाईत तो पायरीला अडखळून पडला. सुरुवात मात्र चांगली झाली: पहिल्या तीन फलंदाजांपैकी दोघे बाद, एकाला वॉक. (चार चेंडू पट्ट्याबाहेर पडले की फलंदाजाला पहिला बेस आयता मिळतो, त्याला वॉक म्हणतात.) मग समोर स्टॅन म्युझिअल उभा राहिला, आदल्या वर्षीचा लीगचा सर्वोत्तम खेळाडू. काही आठवड्यांपूर्वी शाळकरी पोरांना चेंडू टाकणाऱ्या मुलाचा इथे धीर सुटला असेल, तर त्यात नवल नाही. एकूण पाच वॉक, दोन फटके आणि पाच धावा देऊन, तिसरा बळी न घेताच तो परतला (तीन बळी गेले की डाव संपतो). दोन तृतीयांश डावात पाच धावा, म्हणजे नऊ डावांमागे ६७.५० धावांची सरासरी. पुढची आठ वर्षे मेजर लीगच्या नोंदवहीत त्याच्या नावापुढे हाच आकडा राहिला.

त्या मुलाला केवळ या आकड्याने ओळखणे अन्यायाचे आहे. खालच्या लीगमध्ये घडून तो १९५२ मध्ये रेड्सकडे परतला, १९६६ पर्यंत खेळला आणि त्याने १३५ सामने जिंकले. पुढे २००४ पर्यंत रेड्सच्या सामन्यांचे रेडिओवरचे समालोचन त्याच्याच आवाजात होते. २००७ मध्ये त्याचे निधन झाले.

कार्डिनल्सने त्या हंगामात १०५ सामने आणि जागतिक मालिकाही (मेजर लीगच्या विजेतेपदाची अंतिम लढत) जिंकली. रेड्सही काही दुबळे नव्हते. ते तिसरे आले.

नक्सहॉलच्या जागी येऊन शेवटचा बळी घेणारा जेक आयझनहार्ट मेजर लीगमध्ये पुन्हा कधीच खेळला नाही.