फुकटचा मिक्सर आणि लिंकचं मत

दिवाळी महिन्यावर आली की नौपाड्यात, वाशीत, ऐरोलीत वस्तूंची परीक्षणं लिहिणाऱ्यांकडे कुरिअरवाल्यांच्या फेऱ्या वाढतात. मिक्सर, एअर फ्रायर, केसांचं तेल. सोबत एजन्सीचा मेल येतो: वापरून बघा, ठेवून घ्या, मनमोकळं लिहा. आणि खाली ठरलेली ओळ, ‘लिंक डू-फॉलोच हवी.’ मिक्सरचं भांडं गळतं का, चटणी बारीक होते का, यापेक्षा पाठवणाऱ्याचा जीव या ओळीत अडकलेला असतो. तो का, हे कळायला पार १९९८ सालापर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षी लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल कंपनी सुरू केली. तिचा पाया होता पेजरँक. एका पानाने दुसऱ्या पानाला लिंक दिली की ते त्याच्या बाजूने पडलेलं एक मत. आणि ज्या पानाला स्वतःलाच भरपूर मतं आहेत, त्याच्या मताला वजन जास्त. शोधनिबंधात कोण कोणाचा हवाला देतो, हे मोजण्याच्या जुन्या रिवाजावरून ही कल्पना सुचलेली. लोक मनापासून लिंक देत होते तोवर ती झकास चालली. पण शोधात वर दिसणं म्हणजे गिऱ्हाईक, हे उमगलं तशी मतांची खरेदी-विक्री सुरू झाली. निवडणुका पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

गंमत अशी की आज ज्या ‘नोफॉलो’वरून एवढी घासाघीस चालते, तो जन्माला आला तेव्हा जाहिरातीसाठी नव्हताच. लेखांखालच्या प्रतिक्रियांत औषधांच्या आणि जुगाराच्या लिंका टाकणाऱ्यांचा उच्छाद झाला होता, म्हणून जानेवारी २००५मध्ये गूगल, याहू आणि एमएसएन या तिघांनी मिळून ही खूण मान्य केली. ती लिंकच्या कोडमध्ये बसते. वाचणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही, क्लिक केलं की पान उघडतंच. फक्त ते मत मोजायचं नाही, एवढा निरोप सर्च इंजिनला मिळतो. ‘डू-फॉलो’ नावाची खूण मात्र कुठेच नाही. कोडमध्ये काहीही न लिहिलेली साधी लिंक म्हणजेच डू-फॉलो.

पुढच्याच वर्षी अमेरिकेत ‘पे-पर-पोस्ट’ ही कंपनी आली. वस्तूबद्दल लिहा आणि पैसे घ्या, असा उघड बाजार. २००७मध्ये गूगलच्या मॅट कट्स यांनी विकत घेतलेल्या लिंका कळवा, असं जाहीर आवाहन केलं, आणि त्या वर्षाअखेरीपर्यंत लिंका विकणाऱ्या कितीतरी साइटांचा गूगलच्या टूलबारवर दिसणारा पेजरँक खाली आला. इथून नोफॉलोला दुसरं काम लागलं: पैसे घेऊन दिलेल्या लिंकवर बसायचं, म्हणजे ते मत मोजलं जात नाही. पैसे घ्यायला गूगलने कधीच मनाई केली नाही, मत विकायला केली. आपल्याकडे हा फरक अजून नीट पचलेला नाही.

नियम किती गंभीर आहे ते कळलं गूगलच्याच घरात. २००९मध्ये गूगल जपानच्या प्रचारासाठी पैसे देऊन लिहून घेतल्याचं उघड झालं आणि त्या साइटचा पेजरँक कापला गेला. जानेवारी २०१२मध्ये क्रोम ब्राउझरची पाळी. पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुरात एका ठिकाणी क्रोमच्या पानाला खूण नसलेली लिंक सापडली, आणि गूगलने ते पान निदान ६० दिवस शोधात मागे ढकललं. फेब्रुवारी २०१३मध्ये ब्रिटनमधली फुलं पोचवणारी इंटरफ्लोरा तिथल्या मदर्स डेच्या तोंडावर शोधातून गायब झाली. स्वतःचं नाव टाकूनही सापडेना. कारण, स्थानिक वर्तमानपत्रांत पैसे देऊन छापून आणलेले लेख आणि त्यांतल्या लिंका. लेख छापणाऱ्या वर्तमानपत्रांच्या साइटांनाही त्याचा चटका बसला.

मार्च २०१६मध्ये गूगलने फुकट वस्तू घेऊन परीक्षण लिहिणाऱ्यांसाठी वेगळी सूचना काढली. अशा लिंकला नोफॉलो लावा, वस्तू फुकट मिळाली हे वाचकाला सांगा, आणि दुसरीकडे मिळणार नाही असं काही लिहा. रोख घेतली नाही, फक्त वस्तू ठेवली, ही पळवाट तिथे बुजली. महिनाभरातच अनेकांना कारवाईचे मेसेज आले, आणि तेही लिंक देणाऱ्यांना. सप्टेंबर २०१९मध्ये पैशाच्या लिंकसाठी ‘स्पॉन्सर्ड’ ही स्वतंत्र खूण आली. नोफॉलो त्या जागी अजून चालतो, पण तेव्हापासून गूगल या खुणा आदेश म्हणून नाही, इशारा म्हणून वाचतं.

माझं मत विचाराल तर यात गूगलचा स्वार्थ उघड आहे. मतमोजणी त्यांची आणि खुणा लावायची हमाली आपली. तरी नियम चुकीचा म्हणवत नाही.

वाचकाला सांगण्याचं बंधन मात्र आपल्याकडे निराळ्या वाटेने आलं. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या मुंबईच्या एएससीआय या संस्थेची इन्फ्लुएन्सरांसाठीची नियमावली जून २०२१पासून लागू झाली. जानेवारी २०२३मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानेही मार्गदर्शिका काढली. त्यामागे २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा उभा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला त्यात १० लाखांपर्यंत दंड, पुन्हा सापडल्यास ५० लाखांपर्यंत. लेखाच्या माथ्यावर ‘जाहिरात’ लिहिलं म्हणून लिंकचा प्रश्न सुटत नाही, आणि कोडमध्ये खूण लावली म्हणून वाचकाला काही कळत नाही. ठाण्यातल्या एजन्सींत बसणारी चांगली जाणती मुलंही या दोन गोष्टींची सर्रास गल्लत करतात.

तिसरा धागा प्राप्तिकराचा. जुलै २०२२पासून कलम १९४आर लागू झालं. धंद्यात मिळालेल्या लाभाचं मूल्य वर्षाला २० हजारांच्या वर गेलं तर १० टक्के टीडीएस. परिपत्रकात इन्फ्लुएन्सरांचा उल्लेख आहेच, गाडी, मोबाइल, कपडे, सौंदर्यप्रसाधनं अशा उदाहरणांसकट: काम झाल्यावर वस्तू कंपनीला परत केली तर तो लाभ नाही, ठेवून घेतली तर आहे.