देखरेखीपासून ऐकण्यापर्यंत

'टीमला सांभाळून घ्या' असं आज प्रत्येक मॅनेजरला सांगितलं जातं. पण हे पद आकाराला आलं, तेव्हा सांभाळून घेणं त्या कामात धरलेलंच नव्हतं.

1899 साली अमेरिकेतल्या बेथलेहेम स्टील या पोलाद कंपनीच्या आवारात मजूर 92 पौंडांचे लोखंडी ठोकळे वॅगनमध्ये चढवत. माणशी दिवसाला साडेबारा टन. अभियंता फ्रेडरिक टेलर यांनी हिशेब मांडला, साडेसत्तेचाळीस टन व्हायला हवेत. ठोकळा कधी उचलायचा आणि कधी टेकायचं, हे शेजारी उभा राहिलेला माणूस घड्याळ बघून सांगणार. मजुरी 1.15 डॉलरवरून 1.85 झाली. मजुराच्या हातात जास्त पैसे पडावेत, ही टेलर यांची इच्छा खरी होती. तरीही विचार वरच्यांनी करायचा आणि हात खालच्यांनी चालवायचे, ही वाटणी इथेच घट्ट झाली, आणि मला वाटतं तिचं ओझं आपण अजून वाहतोय.

या वाटणीवर व्यवस्थापनाच्या विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांनी 1920च्या दशकातच बोट ठेवलं. लोकांवर गाजवायची सत्ता वेगळी आणि लोकांसोबत उभी राहणारी सत्ता वेगळी, असं त्या सांगत. पुढे कितीतरी वर्षं त्यांचं नाव मागे पडलं, याची मला मनापासून खंत वाटते.

शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1924पासून उजेड कमी-जास्त केल्याने उत्पादनावर काय परिणाम होतो, याचे प्रयोग चालू होते. त्यातून नेमकं काय सिद्ध झालं, यावर आजही वाद आहेत. मला महत्त्वाच्या वाटतात त्या 1928पासून तिथे घेतलेल्या वीस हजारांवर मुलाखती. सुरुवातीला प्रश्न ठरलेले असत. कामगार मात्र बोलता बोलता भलत्याच विषयावर जात, आणि विचारणारे त्यांना पुन्हा प्रश्नावर आणत. मग लक्षात आलं की जे सांगायचंय ते त्या भलत्या विषयातच आहे. प्रश्नांची यादी बाजूला ठेवली गेली. अर्ध्या तासाची भेट तास-दीड तासावर गेली.

माणूस मुळात कामचुकार असतो हे गृहीतक व्यवस्थापनाचे प्राध्यापक डग्लस मॅकग्रेगर यांनी 1960मध्ये खोडून काढलं. पण खरा धक्का 1990च्या दशकात बसला. संशोधक एमी एडमंडसन रुग्णालयांतल्या औषधांच्या चुका मोजत होत्या. चांगल्या टीम कमी चुकत असतील, हा त्यांचा अंदाज. आकडे उलटे आले, चांगल्या टीमच्या नावावर चुका जास्त! खोलात गेल्यावर उलगडा झाला. ज्या वॉर्डात प्रमुख परिचारिकेची भीती नव्हती, तिथे चूक झाली की लगेच सांगितली जात होती. बाकीच्या वॉर्डांत ती झाकली जात होती.